टिपकागदाचा गॉगल

मी एक जुना गॉगल आहे. उन्हात मिरवायचा काळा गॉगल नव्हे बरं का, बर्फावर घालायचा. चांगला रुंद, अर्धा चेहरा झाकणारा, मागे जाड पट्टा असलेला. माझी काच केशरी आहे आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा आहे. खिडकीजवळच्या टेबलावर मऊ फडकं अंथरलेलं आहे, त्यावर मी काच वर करून बसलो आहे. काच खाली करून मला कुणी ठेवलं, तर माझं डोकंच फिरतं.

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जरा तापट आहे. जन्मभर लोकांच्या नाकावर बसलो, पण स्वतःच्या नाकावर कधी माशी बसू दिली नाही. तुमच्यापैकी कुणी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसू लागला की माझ्या अंगावर काटा येतो. शर्टावर धूळ असते, धुळीत बारीक कण असतात, आणि तुम्ही एक फुंकर मारून खसाखसा घासता. वर तक्रार करता, "काच जुनी झाली, धूसर दिसतं." अरे, जुनी कुठली? तुम्हीच तिची सालं काढलीत! पाण्याखाली धरा, धूळ वाहून जाऊ द्या, मग मऊ फडक्याने हलके टिपा. एवढं केलं तर तुमचं काय जातं?

असो. चिडलो की मी भरकटतो. पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला दोन काचा आहेत, एक बाहेरची आणि एक आतली, आणि दोघींमध्ये थोडी हवा. चेहऱ्याला टोचू नये म्हणून कडेने मऊ स्पंजाची पट्टी. आतल्या काचेवर एक अगदी पातळ लेप दिलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माणसाच्या गरम श्वासाची वाफ काचेवर धरू देत नाही. हा लेप म्हणजे माझा जीव. तो ओला झाला की मऊ पडतो, आणि तेव्हा त्याच्यावर फडकं फिरलं तर फडक्याबरोबर निघून जातो. मला तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं, डावीउजवीकडे वळवलं आणि म्हणाल्या, "जा, नीट राहा." सासरी पाठवतात तसं मला खोक्यात घालून पाठवलं.

दुकानात मला घ्यायला आलेला माणूस उंच होता आणि त्याचे हात फार मोठे होते. डोंगरावर लोक बर्फात घसरायला येतात ना, तिथे तो गस्तीचं काम करायचा. त्याने मला उलटसुलट बघितलं आणि दुकानदाराला विचारलं, "आतून कसा पुसायचा हो?"

"पुसायचाच नाही," दुकानदार म्हणाला. "आत बर्फ गेला तर झटकायचा. पाणी असलं तर टिपायचं. आणि मग सोडून द्यायचा, आपोआप वाळतो."

"म्हणजे काही न करणं हेच काम?"

"तेच तर लोकांना जमत नाही," दुकानदार हसला.

माझ्या मालकाला मात्र ते जमलं. त्याने ते वाक्य गाठीशी बांधलं ते कायमचं. पुढे कामावर कुणी नवखा ओला गॉगल बाहीने पुसताना दिसला की तो लांबून ओरडायचा, "अरे पुसू नकोस, टिप!" कुणी गॉगल कपाळावर चढवून बसलं की त्याच्याकडे बघून म्हणायचा, "कपाळाला घाम येतो रे, डोळ्यांना नाही. खाली घे त्याला, नाहीतर काढून पिशवीत ठेव." शेवटी सगळ्यांनी त्याचं नावच टिपकागद ठेवलं. मेजावर चहा सांडला तरी हा टिपतो, पुसत नाही, असं म्हणून चेष्टा करायचे. तो हसायचा आणि खरंच चहा टिपायचा.

आमचं मुख्य काम संध्याकाळी असायचं. माणसांना डोंगरावर नेणारा खुर्च्यांचा पाळणा बंद झाला की गस्तीची माणसं वरून शेवटची फेरी मारत खाली येतात. वाटेत कुणी पडलेलं नाही ना, चुकलेलं नाही ना, ते बघत बघत. ढग उतरले की बर्फावर सावलीच राहत नाही, उंचवटा कुठला आणि खड्डा कुठला ते साध्या डोळ्यांना कळत नाही. तेव्हा माझी केशरी काच कामी यायची. अशाच एका संध्याकाळी मालकाला झाडांच्या खाली लाल काहीतरी दिसलं. बाकीचे म्हणाले, "चल रे, वाटेची खूण म्हणून लावलेली पताका असेल." हा ऐकेना. फांद्यांमधून वाकून गेला. एक फांदी माझ्या तोंडावरून सर्रकन गेली, तोच हा ओरखडा. खाली खळग्यात एक बाई पडल्या होत्या, पाय मोडलेला, आणि वर आलेला त्यांचा लाल हातमोजा तेवढा दिसत होता. त्या वाचल्या. खाली आल्यावर मालकाने माझ्या पट्ट्यावर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाला, "यानेच बघितलं. मी नुसता याच्या मागे उभा होतो." त्या दिवशी मला जो काही तोरा चढला, विचारू नका.

घरी मालकाची लेक होती. ती त्याला बाबा म्हणायची, तिचं ऐकून ऐकून मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो. लेक मोठी झाली आणि तिनेही हेच काम धरलं. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

"घे. जप याला."

"बाबा, मला जपायचं सोडून याला जपायचं?"

"तुला दुखलं तर तू बोलशील. हा बिचारा बोलत नाही."

तेव्हापासून आमचा संध्याकाळचा परिपाठ ठरला. लेक कामावरून आली की मला बाबांच्या हाती द्यायची. बाबा खिडकीजवळच्या टेबलाशी तयारच असत. सगळ्यांत आधी ते अंगठ्याने माझा स्पंज दाबायचे. तो दिवसभर तिच्या चेहऱ्याला चिकटलेला, घामाने ओला आणि कोमट असायचा. स्पंज दाबला की बाबांना तिचा सगळा दिवस कळायचा. "आज दमलीस गं," म्हणायचे, किंवा "आज काय, आराम होता वाटतं." मग बाहेरच्या काचेला कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, आणि ते मऊ फडकं. फडकं बाबा वेगळं धुवायचे. कपडे मऊ करायला जे वासाचं पाणी घालतात ते त्याला लागू द्यायचे नाहीत, कारण त्याचा तेलकट थर काचेवर उतरतो. आतल्या बाजूला बोटही लावायचे नाहीत. आणि मग मला खुंटीला अडकवायचे, हीटरपासून चार हात लांब. हीटरजवळ वाळवलं की काचा वाकतात आणि स्पंज सुटतो. एकदा जावयाने मायेने मला हीटरवर ठेवलं होतं. बाबांनी असे डोळे वटारले की तो बिचारा आठवडाभर माझ्या वाटेला गेला नाही.

जावई म्हणजे लेकीचा नवरा. तो डोंगरावर येणारी बस चालवतो. माणूस सोन्यासारखा, फक्त बोलण्याला ब्रेक नाहीत.

मग बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नजर आत आत येत गेली. थेंब घालून उरलेली नजर टिकवता येईल, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरच्यांनी बाबांना फुलासारखं जपायला सुरुवात केली. बोट कापेल म्हणून हातातली सुरी काढून घेतली. भाजेल म्हणून चहा करू देईनात. पाय घसरेल म्हणून दारातला बर्फ काढायचं फावडं जावयाने लपवून ठेवलं. कुणाचंही चुकत नव्हतं. पण माया करता करता बाबांच्या हातातलं एकेक काम गेलं, आणि ते मोठे हात मांडीवर नुसते पडून राहू लागले. उरलो फक्त मी. संध्याकाळ झाली की बाबा दाराकडे कान लावून बसायचे.

मला पुसून झाल्यावर विचारायचे, "झालाय ना गं स्वच्छ?"

"लख्ख, बाबा."

पण एका संध्याकाळी लेक आंघोळीला गेली होती आणि जावई अजून यायचा होता. बाबांनी मला खिडकीकडे धरलं. त्यांना नुसता उजेड दिसत होता, काच दिसत नव्हती. "राहिला असेल का काही डाग?" असं स्वतःशीच म्हणाले. "पोर उद्या हाच घालून वर जाणार." आणि मित्रांनो, ज्या माणसाने अख्ख्या डोंगराला टिपायला शिकवलं, त्याने फडकं माझ्या आतून फिरवलं. ओल्या लेपावरून. हलकेच, मायेने, पण फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका आली, पुन्हा फिरवलं. मग ते रोजचंच झालं. दिसत नाही म्हणून भीती वाटायची आणि भीती वाटली की हात पुसायचा. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

माझा लेप गेला. जे व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी शेवटच्या फेरीला कडाक्याची थंडी होती, ढग खाली आले होते, लेक जोरात श्वास घेत उतरत होती, आणि माझ्या आत वाफ धरली. तिला पुढचं काही दिसेना. मला वर करायला तिने हात उचलला तेवढ्यात ती वाटेच्या कडेला दोरी बांधलेल्या खांबावर आदळली. गाल फुटला, मनगट सुजलं. ती बर्फात बसली, मला काढलं आणि आतून नीट बघितलं. फडक्याचे गोल गोल फराटे तिला दिसले. तिला सगळं कळलं. ती रडली ते मनगटासाठी नाही, हे मी जवळून सांगतो.

घरी येऊन म्हणाली, "पाय सरकला, बाबा."

स्वयंपाकघरात नवऱ्याने तिला हळूच विचारलं, "गॉगलमुळे ना?"

"हळू बोल!"

"अगं, सांगून टाक त्यांना. उद्या तुझा जीव जाईल."

"तूच सांग ना मग. सांग की बाबा, तुम्हाला आता हेही जमत नाही. आहे हिंमत?"

जावयाने ताटं मांडायला घेतली. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिने नवा गॉगल घेतला. तो तिच्या कामाच्या ठिकाणच्या कपाटात राहायचा. सकाळी कपाट उघडलं की तो बाहेर आणि मी पिशवीत. कसला शिष्ट होता म्हणून सांगू! निळा रंग, चकचकीत पट्टा, आणि माझ्या ओरखड्याकडे बघून नुसता चमकायचा. माझा जळफळाट व्हायचा. दिवसभर मी काळोखात पडून राहायचो, आणि संध्याकाळी घराच्या पायरीशी आलो की लेक मला पिशवीतून काढायची, मूठभर बर्फ माझ्या तोंडाला फासायची आणि आत जाऊन बाबांच्या हातात द्यायची. म्हणजे काम त्याचं आणि सोंग माझं! पहिले काही दिवस मी तिच्यावर भयंकर रागावलो. पण बाबा मला हातात घेऊन खुर्चीत ताठ बसायचे, तिला हाक मारून कोमट पाणी मागायचे, आणि लेक दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहायची. ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, लाव बाई बर्फ. हवा तेवढा लाव.

फक्त एक गोष्ट ती विसरली. बर्फ तिने काचेला लावला, आणि बाबा आधी बघायचे स्पंज.

"आज कोरडा कसा गं?" बाबांनी विचारलं.

"गर्दीच नव्हती, बाबा."

दुसऱ्या दिवशी तिने स्पंजालाही बर्फ चोळला. बाबांनी अंगठ्याने दाबलं. ओला होता, पण थंडगार. त्यांनी मला नाकाशी नेलं. घामाचा वास नव्हता, पिशवीचा वास होता. त्यांनी मला पुसलं आणि खुंटीला लावलं. पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. अर्धं ताट तसंच राहायचं. जावई विनोद करून थकला, बाबा हसेनात. सुट्टीचा दिवस आला. डोंगरावर माणसांची जत्रा लोटली होती, जावयाची बस तर उभ्याने भरून येत होती, आणि त्या संध्याकाळीही माझा स्पंज थंडच होता.

बाबांनी मला टेबलावर ठेवलं. "बस इथे," लेकीला म्हणाले. "खरं सांग. तुझं काम सुटलं ना?"

"काय? नाही हो बाबा!"

"त्या पडण्यानंतर तुला वर पाठवत नाहीत. सकाळी पिशवी घेऊन जातेस, दिवसभर कुठे बसतेस कोण जाणे, आणि बर्फ लावून याला घरी आणतेस. मला दिसत नाही गं, पण हाताला कळतं. तुला वाटलं म्हातारा काळजी करेल. अगं, मला झोप नाही!"

लेक रडायलाच लागली. "काम सुटलं नाही, बाबा. मी नवा गॉगल घेतलाय."

"मग त्यात लपवायचं काय? आणि याला काय झालंय?"

लेकीने नवऱ्याकडे बघितलं. बाबांनी मला उचललं, स्वतःच्या डोळ्यांवर लावलं, श्वास वर माझ्यात यावा म्हणून गळ्यातला मफलर तोंडावर ओढून घेतला आणि जोरात श्वास सोडला. माझ्या आत वाफ दाटली. खिडकीतला जो काय उजेड त्यांना दिसत होता तोही गेला. ते थांबले. पुष्कळ वेळ थांबले. वाफ जाईना. मग त्यांनी मला काढलं आणि आतल्या काचेवर बोटाचं टोक अगदी हलकेच फिरवलं.

"मी पुसला," ते म्हणाले. "आतून. मीच पुसला ना?"

"बाबा, जाऊ दे ना."

"म्हणून पडलीस तू?"

लेकीने त्यांचे दोन्ही हात धरले. "हो," म्हणाली. बस्, एवढंच. आणि मित्रांनो, मला वाटलं होतं की हे ऐकून बाबा मोडून जातील. त्यांचे डोळे भरले हे खरं. पण खांदे सैल झाले. इतके दिवस पोटात घेतलेली भीती खोटी होती आणि पोर रोज कामावर जात होती, हे त्यांना आधी कळलं. आपली चूक त्यांना त्यानंतर कळली. त्यांनी तिच्या गालावरची खूण चाचपली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"नवा घेऊन ये उद्या," मग म्हणाले.

"बाबा..."

"अगं आण तर. खाणार नाही मी त्याला."

दुसऱ्या दिवशी तो शिष्ट घरी आला. लेकीने त्याला बाबांच्या हातात दिलं आणि ती शेजारीच उभी राहिली. जावई तर स्वयंपाकघराच्या दारात चमचा हातात घेऊन खांबासारखा उभा. बाबांनी आधी अंगठ्याने स्पंज दाबला. तो घामाने ओला होता, कोमट होता.

"हां," बाबा म्हणाले. "आज दमलीस गं."

लेक हसली आणि तिने डोळे पुसले. म्हणजे टिपले.

बाबांनी नव्याला झटकलं. बाहेरची काच पाण्याने धुतली, फडक्याच्या कोपऱ्याने टिपली. मग त्यांचा हात सवयीने आतल्या बाजूला वळला आणि तिथेच थबकला. मी बघत होतो. त्यांना पुन्हा तीच शंका आली असणार, राहिलं असेल का काही? त्यांनी नव्याला तसाच ओला खुंटीला अडकवला, हीटरपासून लांब. आणि टेबल चाचपून मला उचललं.

"तू ये रे," म्हणाले. "तो वाळेपर्यंत हे हात तू सांभाळ."

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. नवा खुंटीवर आपला आपण वाळत असतो. बाबा मला मांडीवर घेऊन पुसतात, बाहेरून, आतून, मनसोक्त. वाळला असेल असं वाटलं की लेकीला हाक मारतात, ती नव्याला उजेडात धरून बघते आणि आहे ते सांगते. डाग असला तर "डाग आहे, बाबा" म्हणते. मग तो डाग दोघं मिळून टिपतात. फावडंही जावयाने परत आणून दारात ठेवलं आहे. बाबा पायरीवरचा बर्फ काढतात, आणि हा शेजारी उभा राहून "डावीकडे, बाबा, अजून डावीकडे" अशी बडबड करत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी गॉगल असेल, चष्मा असेल, तर त्याला जपा. धूळ आधी धुवा. माझ्यासारखा दुहेरी काचेचा असेल तर आतून पुसू नका, त्याला वाळायला वेळ द्या. आणि घरातल्या कुणाच्या हातातून काम सुटू लागलं, तर ते गुपचूप काढून घेऊ नका आणि सोंगही करू नका. जवळ बसा आणि खरं सांगा.

माझ्यात आता काही उरलेलं नाही. लेप गेला, स्पंज चपटा झाला, डोंगरावर तर मी पुन्हा कधी जाणार नाही. तरी संध्याकाळ झाली, दार वाजलं, की मी सावरून बसतो. बाबांचा अंगठा आधी नव्याचा स्पंज दाबतो, मग ते मोठे हात माझ्याकडे येतात. फडकं आतून फिरू लागतं आणि मी मनातल्या मनात म्हणतो, पुसा बाबा. आता हवं तेवढं पुसा.